कीर्तनात महाराज म्हणले "मोबाईल आपोआप उगवतो का?" आता वर्गात पोरीला काय सांगू

कयाधूकाठ :

नमस्कार मंडळी. मी हिंगोली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, सातवी-आठवीला विज्ञान. मागच्या महिन्यात गावात सप्ता होता. काल्याच्या आदल्या रात्रीचं कीर्तन, महाराज तरुण, बीएस्सी झालेले, बोलायला एकदम फर्डे. अभंगाचं दुसरं चरण चालू असताना मधीच खिशातून मोबाईल काढला, वर धरला आन म्हणले, "हा उद्या तुमच्या तुरीत सापडला तर तुरीसंगं उगवला म्हणताल का?" मंडप म्हणला नाही. "मग हे चंद्र सूर्य तारे आपोआप उगवले म्हणायचे?" झालं, टाळ मृदंग, विठ्ठल विठ्ठल. पुढं म्हणले की आता शास्त्रज्ञच सांगायलेत, विश्वाचे आकडे केसभर इकडं तिकडं असते तर ना तारे झाले असते ना पाणी ना माणूस, म्हणजे कोणीतरी बसून एकेक स्क्रू फिरवून सेट केलंय. आन मग माइकवरूनच, "काय गुरुजी, बरोबर ना?" चारशे माणसं वळून माझ्याकडं बघायलीत, मांडीवर माझं पोरगं झोपलेलं, मी काय करणार, मान हलवली.

सोमवारी आठवीतल्या एका पोरीनं हात वर केला. "सर, तुम्ही त्या रात्री मान हलवली ना, मग आपल्या पुस्तकात देवाचं नाव काहून नाही?" मी म्हणलं उद्या सांगतो. त्या उद्याला आता तीन आठवडे झाले. पोरगी रोज बघते माझ्याकडं, विचारत नाही, ते जास्त बेकार.

तसं हा प्रश्न आमच्याकडं टाळता येण्यासारखा राहिलाच नाही. औंढ्याला नागनाथाचं ज्योतिर्लिंग आन त्याच तालुक्यात दुधाळ्याच्या शिवाराकडं लायगोची प्रयोगशाळा व्हायलीय, २०२३ ला केंद्रानं २६०० कोटी मंजूर केले, चार चार किलोमीटरच्या दोन भुजा काटकोनात, आन काम काय तर लांब कुठंतरी दोन कृष्णविवरं धडकली त्याची थरथर मोजायची. अमेरिकेतल्या लायगोनं २०१५ च्या सप्टेंबरात पहिल्यांदा अशी थरथर पकडली, ती १३० कोटी प्रकाशवर्षांवरून आलेली. एका बाजूला लोक पिंडीवर बेल वाहायलेत आन दुसऱ्या बाजूला हे. पोरं विचारणारच.

तर माझे प्रश्न दोनच. ते आकड्यांचं खरं आहे का, का व्हॉट्सॲपचं आहे? आन खरं असलं तर त्यातून कर्ता सिद्ध होतो का? देव आहे का नाही यावर कृपा करून भांडू नका, तो धागा दर महिन्याला निघतोच.


नांदेडचा_पुण्यात :

गुरुजी, आकड्यांचं खरं आहे, व्हॉट्सॲपचं नाही. मी फिजिक्स शिकलोय, आता पोटासाठी सॉफ्टवेअर करतो, पण हा विषय निघाला की मला राहवत नाही, म्हणून मोठं लिहितोय, सहन करा.

एक उदाहरण घ्या. न्यूट्रॉन हा प्रोटॉनपेक्षा जरासाच जड आहे, हजारात दीड भागाहूनही कमी. हेच उलटं असतं, प्रोटॉन जड असता, तर साधा हायड्रोजन टिकला नसता, हायड्रोजन नाही म्हणजे पाणी नाही आणि आपला सूर्य जळतो तसे तारे पण नाहीत. दुसरं, दोन प्रोटॉनमधलं विजेचं बल त्यांच्यातल्या गुरुत्वाकर्षणापेक्षा एकावर ३६ शून्यं इतक्या पटीनं जास्त आहे. गुरुत्व एवढं लेचंपेचं आहे म्हणून तारे एवढे मोठे होतात आणि अब्जावधी वर्षं निवांत जळतात. गुरुत्व जास्त असतं तर तारे छोटे झाले असते आणि भराभर विझले असते, जीवसृष्टी उभी राहायला वेळच मिळाला नसता.

आणि सगळ्यात भारी किस्सा फ्रेड हॉईलचा, आपल्या नारळीकर सरांचे केंब्रिजमधले गुरू. ताऱ्याच्या पोटात तीन हेलियम जुळून कार्बन बनतो. पण हिशोब जमेना, एवढा कार्बन बनायलाच नको होता. १९५३ साली हॉईल म्हणाला की विश्वात एवढा कार्बन दिसतोच आहे, म्हणजे कार्बनच्या अणुकेंद्रात अमुक एका ऊर्जेची पातळी असलीच पाहिजे. अमेरिकेत कॅलटेकला जाऊन त्यानं फाउलर नावाच्या शास्त्रज्ञाच्या लोकांच्या डोक्यात भरवलं, त्यांनी प्रयोग केला, आणि पातळी निघाली, ७.६५ एमईव्हीला (एमईव्ही म्हणजे अणुकेंद्रातली ऊर्जा मोजायचं माप). हा माणूस नास्तिक, बिग बँग हा शब्द त्यानंच १९४९ ला बीबीसीच्या रेडिओवर वापरला तोही मान्य नव्हता म्हणून, आणि तोच पुढं लिहून बसला की कोणीतरी अतिबुद्धिमान शक्तीनं भौतिकशास्त्राशी खेळ केल्यासारखं वाटतं. तर तुमचे महाराज एकदम हवेत बोलले नाहीत.

पण. स्क्रू फिरवले म्हणायला आधी स्क्रू फिरतात हे माहीत पाहिजे ना. हे आकडे वेगळे असू शकले असते का, किती वेगळे, सगळे सारखेच शक्य होते का, हे कोणालाच माहीत नाही. आपल्याकडं विश्व एकच आहे. एका नाण्याची एक फेक बघून नाणं खोटं म्हणता येत नाही.

आणि दुसरी गोष्ट आपल्या भागातल्या माणसाला लगेच कळेल. गावात फिरून हातपंप मोजा. प्रत्येक हातपंपाखाली पाणी आहे. बाहेरगावचं लेकरू म्हणेल वा, इथं जिथं भोक पाडलं तिथं पाणी लागतं, नक्कीच कोणीतरी पाणी नेमकं खाली आणून ठेवलंय. त्याला फेल गेलेले बोअर दिसत नाहीत, कारण फेल बोअरवर कोणी हातपंप बसवत नाही, तिथं दगड ठेवून बुजवतात. तसंच असंख्य विश्वं असतील, बहुतेक कोरडी, आणि जिथं पाणी लागलं तिथंच "हे एवढं नेमकं कसं" असं विचारणारा कोणीतरी उभा. ब्रँडन कार्टरनं १९७३-७४ च्या सुमारास हा मुद्दा मांडला.


कोर्टकचेरी :

नांदेडकर, बोअरचं उदाहरण मस्त, पण त्यातच तुम्ही फसलात. मी जालन्याला वकिली करतो आणि माझ्या वडिलांनी चार बोअर घेतले, तीन फेल, त्यातला शेवटचा साडेसहाशे फुटांवर धुरळा. फेल बोअर आम्ही डोळ्यांनी पाहिलेत, त्याचे पैसे भरलेत, पावती आहे. तुमची फेल विश्वं कोणी पाहिली? दुर्बिणीतून दिसत नाहीत, कधी दिसणार पण नाहीत. न दिसणारी अगणित विश्वं मानायची आणि न दिसणारा एक कर्ता मानला की अंधश्रद्धा, हा कुठला न्याय?

आमच्याकडं परिस्थितीजन्य पुराव्यावर जन्मठेप होते. कोणी प्रत्यक्ष पाहिलेलं नसतं, पण साखळीची प्रत्येक कडी एकाच दिशेला जाते. नियम गणिताच्या भाषेत लिहिता येतात ही एक कडी, ते नियम सगळीकडे सारखे ही दुसरी, आकडे जीवनाला जुळणारे ही तिसरी, आणि ते समजून घेणारं डोकं या विश्वातच तयार झालं ही चौथी. मी सिद्ध झालं म्हणत नाही. चौकशीला पुरेसं आहे एवढंच म्हणतो.


नांदेडचा_पुण्यात :

वकीलसाहेब, फेल विश्वांचा मुद्दा मान्य, तिथं मी बॅकफूटवर आहे. बऱ्याच भौतिकवाल्यांना पण ती कल्पना पटत नाही. पण परिस्थितीजन्य पुराव्यावर शिक्षा देता तेव्हा बाकी कोणी केलं असण्याची शक्यता संपली पाहिजे ना? आणि समजा कर्ता निघाला, तरी तो एकच कशावरून, चांगला कशावरून, अजून हयात आहे कशावरून? ह्यूम नावाच्या माणसाचं पुस्तक तो मेल्यावर १७७९ ला छापलं, त्यात हेच विचारलंय, की जहाज बघून सुताराचं कौतुक करता पण त्याआधी किती प्रयत्न फसले आणि किती सुतारांनी एकमेकांची नक्कल केली ते काय माहीत. खटला उभा राहिला तरी आरोपीचं नाव एफआयआरमध्ये "अज्ञात" एवढंच येतं.


कोर्टकचेरी :

अज्ञात का असेना, गुन्हा नोंदवून घ्या एवढंच माझं म्हणणं 😄


दुष्काळी_ढग :

रचना जर एवढी नेमकी असेल तर मराठवाड्याच्या पावसाचं टेंडर कोणाला दिलं होतं तेवढं विचारून सांगा. २०१६ ला लातूरला मिरजेवरून रेल्वेनं पाणी आणलं होतं, ते तुमच्या आकडे जुळवण्यात, फाइन ट्यूनिंगमध्ये बसतं का


माळवद :

मी लिहू का नको असं दोन दिवस करलालो होतो. ढगानं लातूरचं नाव काढलं म्हणून लिहितो.

किल्लारीपासून आमचं गाव दोन कोस. ३० सप्टेंबर १९९३. मी नऊ वर्षांचा. आदल्या रात्री गणपती बोळवला, उशिरापर्यंत लेझीम, अंगात गुलाल तसाच, मी बाहेर बैलापाशी बाजेवर झोपलो कारण आत लई उकडत होतं. चार वाजायला चार-पाच मिनिटं कमी. आवाज आधी आला, ट्रक अंगावर आल्यासारखा, मग बाजच उडाली. धुराळा एवढा की बैल हाताला लागत होता पण दिसत नव्हता. आजी आन धाकटी बहीण आत होत्या.

आमची घरं तुम्हाला माहीत असतील. अडीच-तीन हात रुंद भिंती, दगड आन माती, वर लाकडं, लाकडावर पांढऱ्या मातीचं माळवद. दरसाल मृगाच्या आधी बाप गाढवावरून माती आणायचा आन वर पसरायचा, गळू नये म्हणून. बापाच्या आधी आज्यानं टाकली, त्याच्या आधी पणज्यानं. जुनी कोणी काढत नव्हतं, नवीन टाकत होते. उन्हाळ्यात गार, पावसात कोरडं, एकदम नंबर एक घर. आन पिढ्यानपिढ्या टाकलेली ती सगळी माती एका झटक्यात खाली. गावाबाहेर ज्यांना दगड परवडत नव्हता, पाचटाचं छप्पर होतं, त्यांच्या घरात ओरखडे निघाले फक्त. सगळ्या भागात मिळून दहा हजारांच्या आसपास माणूस गेलं. आन आमचा भाग भूकंपाच्या नकाशावर सगळ्यात सुरक्षित पट्ट्यात होता बरं का, आदल्या वर्षी ९२ ला हादरे बसले होते तरी.

तर रचनेबद्दल मला एवढंच सांगायचंय. माळवद कोणी डिझाईन केलं नव्हतं. गळलं की टाक माती, गळलं की टाक माती, असं करत ते घर बनलं, आन बघणाऱ्याला वाटायचं काय डोकं लावून बांधलंय. मला डार्विनचं जेव्हा कॉलेजात शिकवलं तेव्हा बाकीच्यांना अवघड गेलं, मला नाही. आपल्या डोळ्याच्या पडद्यापुढूनच वायरी गेल्यात आन त्या बाहेर काढायला मधी भोक आहे, तिथं आपल्याला दिसतच नाही, असं सरांनी सांगितलं तेव्हा मला आमचं माळवदच आठवलं. जुनं काढता येत नाही, वरून टाकत जायचं.

भूकंपानंतर जो येईल तो कारण सांगायचा. गणपतीचं काहीतरी चुकलं, गावात पाप झालं. पुढं एक भूगर्भवाले साहेब आले, चांगला माणूस, म्हणले भारताचा तुकडा उत्तरेकडं सरकतोय, त्याचा ताण साठतो, आन ही जमीन आतून अशी जिवंत आहे म्हणूनच पृथ्वीवर जीव आहेत. असंल. माझी आई त्यांना चहा देऊन आत गेली.

मी देव सोडलेला नाही. आई रोज दिवा लावते, मी पण हात जोडतो. फक्त "बघा किती सुंदर रचना केलीय" असं कोणी म्हणायला लागलं की मी तिथनं उठून जातो. कीर्तनातनं पण उठलोय.


दुष्काळी_ढग :

दादा माफ करा, मी गंमतीत लिहिलं होतं.


माळवद :

अरे तू कशाला माफी मागतोस, तुझ्यामुळं तर लिहिलं.


तेरची_लेक :

माळवद दादा, वाचून बराच वेळ काही टाईप झालं नाही. आमच्याकडं तेरला पण त्या पहाटे भांडी पडली होती, पण ते तुमच्यापुढं काहीच नाही.

गुरुजी, तुमच्या महाराजांनी मोबाईल काढला, इंग्लंडात पेली नावाच्या धर्मगुरूनं १८०२ ला घड्याळ काढलं, पण आपल्याकडं हाच वाद मडक्यावरून हजार वर्षांपूर्वी झालाय, आणि मडक्याचं मला विचारा. मी कुंभाराची पोरगी, आणि वर एमए संस्कृत, म्हणजे दोन्हीकडून अडकलेली.

न्याय दर्शनवाल्यांचं म्हणणं असं, आणि उदयनाचार्यांनी ते पक्कं केलं. मडकं हे कार्य आहे, म्हणजे आधी नव्हतं आणि मग झालं, म्हणून त्याला कर्ता आहे. जमीन, कोंब, डोंगर हे पण कार्यच आहेत, म्हणून त्यांना पण कर्ता पाहिजे, तो ईश्वर. एकदम महाराजांसारखंच, फक्त मोबाईलला रेंज नव्हती. आता गंमत बघा, याला विरोध करणारे सगळे नास्तिक नव्हते. वेद जीव की प्राण मानणारे मीमांसक, कुमारिल भट्ट, ते म्हणाले की कुंभाराच्या उदाहरणानं जायचं तर पूर्ण जा, कुंभाराला शरीर असतं, कुंभार मरतो, मग तुमचा ईश्वर पण तसाच निघेल. आणि सातव्या शतकातले बौद्ध धर्मकीर्ती तर एका ओळीत उडवतात. मडकं मातीचं आहे आणि कुंभारानं केलं, म्हणून मातीचं जे जे दिसेल ते कुंभाराचं म्हणायला लागलात तर वारूळ पण कुंभारानंच केलं म्हणावं लागेल. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हॉस्टेलच्या खोलीत एकटीच हसत बसले होते, कारण लहानपणी मी खरंच बापाला विचारलं होतं, आबा हे वारूळ कोणी केलं, आणि आबा म्हणाले होते, मी नाही बाबा.

आबांचं चाक बघून मला अजून एक दिसतं, ते कुठल्या ग्रंथात आहे का माहीत नाही. कुंभार माती बनवत नाही. माती तळ्यातून आणायची, तिच्यातले खडे वेचायचे, लीद घालायची, तुडवायची, आणि तरी कधी कधी माती ऐकत नाही. आतून दगड धरून बाहेरून थापटण्यानं बडवताना आबा म्हणायचे, ही माती आज रुसलीय. मग भाजताना आव्यात चार फुटतातच. म्हणजे कुंभाराला आधीच असलेल्या मातीच्या मर्जीनं चालावं लागतं. जो मातीच बनवतो, मातीचा स्वभाव पण बनवतो, तो कुंभारासारखा राहिलाच कुठं? मग कुंभाराचं उदाहरण त्याला लागू करायचं कसं? इथं माझी गाडी थांबते, पुढं जात नाही.

आणि एक सांगू का. आमच्या गोरोबाकाकांनी याच थापटण्यानं संतांची डोकी बडवून बघितली, कोण पक्कं कोण कच्चं, आणि नामदेव महाराज कच्चे निघाले. कच्चे का, तर त्यांचा विठ्ठल पंढरपुरातच होता. मग ते रुसून, शोधत कुठं गेले? तुमच्या औंढ्याला गुरुजी. तिथं विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. नामदेव चिडले, तर म्हणाले मी म्हातारा झालो, जिथं देव नाही तिथं माझे पाय उचलून ठेव. आणि जिकडं पाय ठेवावे तिकडं पिंड. या गोष्टीत रचना बघून देव सिद्ध करणं कुठंच नाही. विसोबांनी काही मोजलं नाही, दाखवलं पण नाही. ज्याला सगळीकडं तोच दिसतो त्याला ७.६५ असलं काय आणि ८.६५ असलं काय. महाराजांना आकड्यांची गरज का पडली असेल, मला खरंच प्रश्न पडलाय.


कोर्टकचेरी :

गरज पडली कारण मंडपात बीएस्सी झालेली पोरं मागं उभी राहून मोबाईल बघत असतात ताई. काळ तसा आलाय.


छिन्नी :

उशिरा आलो, सीझन चालू आहे. मी वेरूळला गाईड आहे, वीस वर्षं झाली. हाच प्रश्न मला रोज दोन वेळा येतो, फक्त उलटा येतो. सोळा नंबरच्या कैलासापुढं उभे राहून लोक विचारतात, "हे माणसानं केलं असेल खरंच? का परग्रहवाल्यांनी?" टीव्हीवर बघून येतात. तिकडं डोंगर बघून म्हणतात कोणीतरी केला, आणि इकडं माणसानं केलेलं लेणं बघून म्हणतात माणसानं केलंच नाही. आता काय करावं!

मी त्यांना आधी भिंतीवरच्या छिन्नीच्या रेघा दाखवतो. मग अर्धवट राहिलेली कामं. अजिंठ्याला २४ नंबरचं लेणं अर्धवटच आहे, तिथं कळतं की आधी काय कोरायचे आणि मग काय. माणसानं केलं हे आपण सुंदर आहे म्हणून ओळखत नाही. हत्यार माहीत आहे, हत्याराची खूण माहीत आहे, चुका दिसतात, पाथरवट आजही तसंच मारतो, म्हणून ओळखतो. आणि ज्या दगडात हे कोरलं तो दगड? तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, थरावर थर. कुठं कुठं तो लाव्हा थंड होताना असा सरळ सहा कोनांत तडकतो की गवंड्याला पण जमणार नाही. मे महिन्यात तुमच्या काळ्या रानात भेगा पडतात तसंच, त्याला कोणी पट्टी लावत नाही. म्हणजे एकाच डोंगरात एक रचना केलेली आणि एक झालेली, आणि दोन्हीपुढं लोक सारखंच "वाह" म्हणतात. त्या "वाह"वरून काही कळत नाही.

आता खरी गोष्ट सांगतो, ही मी सगळ्या ग्रुपला सांगत नाही, ज्यांना रस आहे त्यांनाच. बडोद्याला राष्ट्रकूटांच्या कर्कराजाचा एक ताम्रपट सापडला, इसवी सन ८१२ च्या सुमाराचा, म्हणजे कैलास कोरला त्याला जेमतेम दोन पिढ्या. त्यात कृष्णराजानं एलापुरात, म्हणजे वेरूळला, केलेल्या देवळाचं वर्णन आहे, अभ्यासक ते कैलासाचंच मानतात. त्यात म्हटलंय की विमानातून जाणाऱ्या देवांनी ते देऊळ बघितलं आणि आपसात म्हणाले, हे शिवाचं घर स्वयंभूच असणार, केलेल्या गोष्टीत एवढी शोभा कुठं असते. वाचा परत. देवांनी रचना बघितली आणि निष्कर्ष काय काढला, तर कर्ता नाही! आणि पुढं लिहिलंय की ज्या शिल्पीनं ते केलं तो स्वतःच थक्क झाला, की हे माझ्या हातून झालं तरी कसं.

माळवद दादांचं वाचल्यावर मी आज ग्रुपला "बघा काय सुंदर रचना" हे वाक्य म्हणायचं टाळलं. सवय आहे, दोनदा जिभेवर आलं होतं.


कयाधूकाठ :

सगळ्यांचे आभार. माळवद दादा तुमचं विशेष, तुमच्या लिहिण्यावर मी काही बोलत नाही.

झालं असं. छिन्नी भाऊंचा ताम्रपट वाचून मी जोशात महाराजांना फोन लावला. म्हणलं महाराज, देवांनीच रचना बघून स्वयंभू म्हणलं, आता बोला. महाराज दोन सेकंद गप. मग म्हणले, "गुरुजी, आन तो शिल्पी स्वतःच थक्क झाला म्हणता? म्हणजे करणारा दुसराच होता, ह्याचे फक्त हात होते! हेच तर मी सांगायलो होतो. पुढच्या सप्त्यात घेतो हे." वर माझं नाव पण घेणार आहेत म्हणे. कपाळावर हात मारून घेतला. पण गोरोबा-विसोबाचं सांगितल्यावर मात्र आवाज बदलला त्यांचा. म्हणले, "ते खरंय गुरुजी. पण विसोबा सांगायला लागलो की तरुण पोरं उठून जातात, मोबाईल काढला की थांबतात." वकीलसाहेब, तुमचंच बरोबर निघालं.

मग काल वर्गात आधी सांगून टाकलं की मी त्या रात्री भिऊन मान हलवली, चारशे माणसं बघायली होती म्हणून. पोरं लई खूश झाली, सर भितात हे ऐकून. त्या पोरीला म्हणलं, पुस्तकात देवाचं नाव नाही कारण पुस्तकात फक्त जे तपासता येतं तेच घ्यायचं ठरलंय, देव नाही असं पण त्यात कुठं लिहिलेलं नाही. तिला लमेत्रचं सांगितलं, बेल्जियमचा पाद्री, विश्व एका अणूएवढ्यातून फुगलं हे १९३१ ला त्यानंच मांडलं, आन १९५१ ला पोपनी त्यातून देवाचा पुरावा काढला तर ह्यालाच ते आवडलं नाही, म्हणला हे दोन रस्ते वेगळे ठेवा. पोरगी म्हणली, "म्हणजे तो सकाळी चर्चमध्ये जायचा आन मग गणित करायचा?" म्हणलं हो. म्हणली, "आमचा आजोबा पण सकाळी पूजा करतो आन मग मोटार दुरुस्त करतो." मी पुढं काही बोललो नाही.

मग तेरच्या ताईंचं वारूळ. शाळेच्या मागं बांधावर मोठं वारूळ आहे, पोरांना तिथं नेलं. शेजारी एक फुटक्या रांजणाचं खापर ठेवलं. म्हणलं दोन्ही मातीचे, सांगा कोणतं कोणी बनवलेलं आन कोणतं आपोआप झालेलं. धर्मकीर्तींची ओळ मनात तयार ठेवली होती. तर मागच्या बाकावरचा एक, जो कधीच बोलत नाही, तो म्हणला, "सर, वारूळ पण आपोआप नाही झालं, वाळवीनं बनवलंय की."

मी जरा गडबडलो. तेवढ्यात ती पोरगी वारुळाच्या भोकात काडी घालून बघत बघत म्हणली, "पण सर, वाळवीला माहीत असतं का ती काय बनवायलीय?"

म्हणलं उद्या सांगतो. वाळवीबद्दल कोणाला नीट माहिती असेल तर टाका इथं, पहिल्या तासाच्या आधी.